बुडालेल्या गावाच्या माथ्यावर

कृष्णाकाठी राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसांना होडीचे फारसे कौतुक नाही. होडी म्हटली की आम्हाला सहल आठवत नाही, पूर आठवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी समजतात. आमच्या गल्लीतून माणसे बाहेर काढली ती होडीतूनच. मांडीवर लेक, हातात कागदपत्रांची पिशवी आणि शेजारी सासूबाई, असे आम्ही निघालो होतो. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन जाणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह कितीतरी जीव गेले. ती बातमी ऐकली आणि मी मनाशी ठरवले, पुन्हा होडीत पाय ठेवायचा नाही.

तो निश्चय पाच वर्षांनी मोडला, आमच्या सासूबाईंमुळे. मी त्यांना आत्या म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, कानाने थोड्या कमी, पण बोलणे खणखणीत. एका रात्री भाकरी करता करता त्या म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा माझा डोंगर दावा मला. मग काय बी मागायची न्हाई."

हा डोंगर सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात. त्याच्या पायथ्याशी त्यांचे गाव होते. आता ते गाव पाण्याखाली आहे.

बुडितातली माणसे

वाचकहो, कोयना धरण हे नाव आपण लहानपणापासून पाठ्यपुस्तकात वाचत आलो. महाराष्ट्राची भाग्यरेषा वगैरे शब्द परीक्षेत लिहून गुणही मिळवले. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि बहुतेक नद्यांसारखी पूर्वेला न जाता सह्याद्रीच्या बाजूबाजूने दक्षिणेकडे धावते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाजवळ, पाटण तालुक्यात, १०३ मीटर उंचीची भिंत घालून तिला अडवले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले. उत्तर-दक्षिण लांबलचक दरी सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत भरली आणि शिवसागर जलाशय तयार झाला. आज त्याची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, आहे. यातील बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, खाली कोकणात सोडून वीज तयार करतात. मुंबई-पुण्याचे दिवे आणि कारखाने त्या विजेवर चालले.

दरीतली माणसे मात्र उठली. कोणी सोलापूरकडे, कोणी ठाणे-रायगडकडे गेली. काही जण वरच्या अंगाला सरकून तिथेच राहिले. त्यांच्यातल्या अनेकांना साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली.

आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या नावावर सातबारा नव्हता. महारवाडा नदीच्या अंगाला, सगळ्यात सखल जागी. दुसऱ्याच्या रानात राबायचे, गावकीची कामे करायची आणि मिळेल त्यावर दिवस काढायचे. "ज्यांचं रान बुडालं त्यांचं कागदावर नाव आलं," आत्या सांगतात. "आमचं काय बुडालं? घर, उंबरा, आन् त्यो डोंगर. त्याचा कागद कुणाकडं व्हता?" मग त्या कुटुंबाने चालत कराड गाठले. पुढे ऊसतोड केली, वीटभट्टी केली, आणि शेवटी सांगलीत हळदीच्या वखारीत हळद निवडायचे काम मिळाले. आत्यांची बोटे अजून पिवळट दिसतात असे आम्हाला वाटते. त्या म्हणतात, तुमचा भास हाय.

बामणोलीच्या काठावर

ऑक्टोबर २०२४. अशोक विजयादशमीला सकाळी वंदना झाल्यावर आम्ही चौघे, म्हणजे आत्या, आमचे हे, आठवीतली लेक आणि मी, एस.टी.ने साताऱ्याला गेलो आणि नणंदेकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे बामणोलीची वाट धरली. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कासच्या पठारावरून हा रस्ता जातो. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. फुलांचा मुख्य हंगाम सरला होता. पठार संपले आणि रस्ता उतरू लागला, तेव्हा लेक ओरडली, "आई, समुद्र!"

समुद्र नव्हता, शिवसागर होता. धरण काठोकाठ भरले होते. निळ्या-हिरव्या पाण्यात ठिकठिकाणी टेकड्या उभ्या होत्या. काही काठाला चिकटून, काही चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या. वरून पाहणाऱ्याला वाटावे, ही निर्जन बेटे आहेत आणि ती अनादि काळापासून अशीच असावीत. गाडीतले कोणी पुण्याकडचे तरुण म्हणाले, "काय सुंदर आयलंड आहेत!" आत्या खिडकीला नाक लावून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

बामणोलीला पर्यटकांसाठी भाड्याच्या बोटी मिळतात. वासोट्याला जाणारे इथूनच पलीकडे जातात. त्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, कारण पलीकडचे जंगल कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते. आमची टेकडी अलीकडच्या अंगाला होती. आमचा बोटवाला चाळिशीचा, बोलायला मोकळा. आत्यांनी गावाचे नाव सांगताच तो म्हणाला, "आजी, आमचं बी निम्मं गाव खालीच हाय. चला, तुमचा डोंगर शोधू." मग आभाळाकडे बघून आम्हाला बजावले, "पण ताई, बाराला परत फिरायचं. ह्या दिवसांत दुपारचा भरवसा न्हाई."

मी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे याची दोनदा खात्री केली. आत्यांचे जॅकेट मीच बांधले. त्या म्हणाल्या, "अगं, श्वास तरी घेऊ दे."

पाण्यातला डोंगर

सकाळी नऊला पाणी आरशासारखे होते. वारा नावालाही नव्हता. डिझेल इंजिनाची टकटक आणि मागे फुटणारी पाण्याची रेघ, एवढेच काय ते हलत होते. पश्चिमेला सह्याद्रीची उंच भिंत आणि पूर्वेला कासच्या बाजूचे पठार. मधल्या या लांब दरीत एकामागून एक टेकड्या येत होत्या. एकीवर नुसते पिवळे गवत, एकीवर दोन-चार झाडे, एकीवर बगळ्यांची वस्ती. माणूस कुठेच नाही.

आत्या प्रत्येक टेकडीकडे पाहून मान हलवत. ही न्हवं, ही न्हवं. जवळजवळ तासभर गेला. मला वाटू लागले, आठ वर्षांच्या पोरीने खालून पाहिलेला डोंगर आता वरून कसा ओळखू यायचा? तेवढ्यात त्या ताठ बसल्या. "वशिंड बघ त्याचं," म्हणाल्या. "बैलाच्या वशिंडागत. हाच."

बोट काठाला लागली. यांनी आत्यांचा हात धरला आणि त्या दगडावर उतरल्या. चार पावले चालल्या आणि थांबल्या. मला वाटले दम लागला. त्या म्हणाल्या, "लाकडाची मोळी आणायला ह्या डोंगरावर चढायची मी. निम्म्यावर येईस्तोवर जीव जायाचा. माथ्यावर कधी पोचलेच न्हाई. आन् आज? होडीतनं उतरले की माथाच."

हे ऐकल्यावर पाण्याची खोली मला कळली. धरणाचे सगळे आकडे वाचून ती कळली नव्हती.

माथ्यावर जुना दगडी बांध होता, अर्धा ढासळलेला. कधी काळी तिथे नाचणी-वरी होत असावी. एक वठलेला आंबा होता. लेकीने विचारले, "आजी, तुझं घर कुठं?" आत्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. "त्यो बगळा उडतोय न्हवं? त्याच्या खाली. त्याच्या पलीकडं वढा. वढ्यावर बायांची पाणी भरायची जागा. वरच्या अंगाची त्यांची, खालच्या अंगाची आमची." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता समद्यांच्यावर सारखंच पाणी हाय बघ."

त्या हसल्या की काय, ते मला समजले नाही.

वारा फिरला

बारा वाजले तेव्हा बोटवाल्याने हाक मारली. मी म्हणाले, "दादा, दहा मिनिटं." साडेबाराला त्याने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा दहा मिनिटे मागितली. खरे सांगायचे तर चूक माझीच. आत्या बांधावर बसून एकटक पाहत होत्या आणि त्यांना उठवण्याचे धैर्य मला होईना. एक वाजता बोटवाला स्वतः वर आला आणि काही न बोलता पूर्वेकडे हात केला. पठारावर काळे ढग उभे राहिले होते, कापसाच्या गंजीसारखे.

पुढे त्याने मला समजावले, ते वाचकांसाठी लिहिते. जून ते सप्टेंबर पाऊस आणि वारा पश्चिमेकडून येतो, धुके असते, आणि सगळ्यांना ठाऊक असते की पाणी धोक्याचे आहे. ऑक्टोबर फसवतो. सकाळी लख्ख ऊन पडते. दुपारी जमीन तापते, वाफ वर जाते, ढग चढतात आणि परतीचा पाऊस पूर्वेकडून विजा घेऊन येतो. पाऊस पडायच्या आधी ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि काठाकाठाने सुसाट पसरते. तो वारा पावसाच्या दहा-पंधरा मिनिटे पुढे असतो. जलाशय लांब आणि अरुंद, त्यामुळे दरीच्या लांबीने वारा सुटला तर त्याला धावायला मोकळे मैदान मिळते आणि लाटा मोठ्या होतात. टेकडीच्या आडोशाला मात्र तेच पाणी शांत असते. म्हणून बोटवाल्याला पाण्याची जितकी माहिती लागते, तितकीच या टेकड्यांची लागते.

आम्ही निघालो. पाण्याच्या मध्यावर आलो तोच अंगावर गार हवा आली. पाणी काळे पडले, त्यावर काटा आल्यासारखी बारीक लहर उठली, आणि बघता बघता आखूड, उभ्या लाटा सुरू झाल्या. बोट वर उचलायची आणि आपटायची. आणि त्याच वेळी इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले.

त्या क्षणी मला ब्रह्मनाळ आठवले. दुसरे काही आठवले नाही. लेकीचा दंड मी इतका घट्ट धरला की तिथे वळ उठला. बोट हळूहळू वाऱ्याला आडवी होऊ लागली, पाणी काठावरून आत आले. बोटवाला ओरडला, "कुणी उभं राहू नका! खाली बसा, मधोमध!"

ताडपत्रीचे शीड

त्याने सामान झाकायची ताडपत्री ओढून काढली. बोटीत दोन बांबू होते. यांच्याकडे एक देऊन म्हणाला, "मामा, घट्ट धरा, सोडायचा न्हाई." दोन बांबूंना ताडपत्रीची टोके बांधली, आणि दोघांनी ती बोटीच्या पुढच्या भागात उभी केली. वाऱ्याने ती फटकन फुगली. बोटवाला पाठीमागे धावला आणि वल्हे सुकाणूसारखे पाण्यात दाबून बसला. त्याचा बांबू मी धरला. काय सांगू, आडवी होत चाललेली बोट सरळ झाली, पाठीवर वारा घेऊन चालू लागली!

कोकणातल्या शिडाच्या होड्या आपण चित्रांत तरी पाहिलेल्या असतात. त्यांचे शीड फिरवता येते, तळाची घडण वेगळी असते, त्यामुळे त्या नागमोडी वळणे घेत समोरच्या वाऱ्यातूनही वाट काढतात. आमच्या ताडपत्रीला हे येत नव्हते. वारा नेईल तिकडेच तिला जाता येत होते. वारा पूर्वेचा, बामणोली पूर्वेच्याच काठाला. म्हणजे आम्ही घराच्या उलट दिशेने चाललो होतो! मी घाबरून म्हणाले, "दादा, आपण उलटे चाललोय." तो म्हणाला, "ताई, आता गाव गाठायचं न्हाई. आडोसा गाठायचा."

पुढे एक उघडीबोडकी टेकडी होती. तिला डाव्या हाताला ठेवून त्याने बोट तिच्या टोकाला वळसा घालून पलीकडे नेली. आणि वाऱ्याचा आवाज एकदम थांबला. जणू कोणी दार लावले. टेकडीच्या पाठीमागे पाणी नुसते डुचमळत होते. आम्ही काठाला लागलो, दोर एका दगडाला बांधला, आणि मग पाऊस आला. असा आला की दहा हातांवरचे दिसेना. विजांमुळे झाडाखाली जाऊ नका, असे त्याने बजावले. आम्ही झाडांपासून दूर, खोलगट जागी, तीच ताडपत्री डोक्यावर घेऊन उकिडवे बसलो. आमचे शीड आता आमचे छप्पर झाले होते.

तासाभराने पाऊस ओसरला. आमचे हे मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. त्यांनी इंजिनाकडे पाहिले आणि म्हणाले, "डिझेल लाइनमध्ये एअर धरलीय." लाटांनी बोट हिंदकळली की टाकीतले थोडे डिझेल एका बाजूला जाते आणि नळीत हवा शिरते. बोटवाल्याकडे पाना होता. दोघांनी मिळून नट सैल केला, हाताने पंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा बाहेर काढली, नट आवळला. चौथ्या झटक्याला इंजिन सुरू झाले. लेकीने टाळ्या वाजवल्या.

आत्या या सगळ्या गडबडीत एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी विचारले, "भ्यालात का?" त्या म्हणाल्या, "भ्याले की. पण म्हटलं, बुडाले तर माहेरातच बुडंन." मला रडू आले आणि रागही आला. त्या दोन्हीत मी त्यांचे ओले डोके पुसले.

नळाचे पाणी

परतताना पाणी पुन्हा शांत झाले होते. आत्यांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि बोटीच्या कडेने पाण्यात बुडवून भरली. मातीही घेतली होती, पदराच्या टोकाला बांधून. लेक म्हणाली, "आजी, हे पाणी कशाला? धरणाच्या पायथ्याला वीज करून पाणी खाली कोयनेत सोडतात. कोयना कराडला कृष्णेला मिळते. कृष्णा सांगलीला येते. म्हणजे हेच पाणी आपल्या नळाला येतं की!"

आत्या तिच्याकडे पाहत राहिल्या. "हेच?"

"हेच. ताकारी-म्हैसाळ योजनांनी दुष्काळी भागात उचलतात, तेही ह्याच नदीतलं."

"म्हंजी इतकी वरसं मी आमच्या वढ्याचंच पाणी पितीया?" असे म्हणून त्या इतक्या हसल्या की बोटवालाही हसू लागला. बाटली मात्र त्यांनी ओतून दिली नाही.

कोयनेची वीज, कोयनेचे पाणी आपण सगळेच वापरतो. सांगलीच्या घरात दिवा लावताना, नळ सोडताना त्याचा हिशेब कोणी मागत नाही. पण ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता, त्यांनीही काही दिले आहे. ते कोणत्या खात्यात लिहिले गेले? आपल्या घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून हे लिहून ठेवले पाहिजे. गावाचे नाव, वाड्याची जागा, ओढ्याची जागा, कुठून कुठे गेलो. आमच्या लेकीने परत आल्यावर एका शंभर पानी वहीत आजीच्या सांगण्यावरून नकाशा काढला आहे. डोंगर, ओढा, महारवाडा, सगळे.

आणि कोणी कुटुंबासह शिवसागरावर जाणार असाल, तर अनुभवाचे चार शब्द. सकाळी लवकर जा आणि दुपार व्हायच्या आत परत फिरा. जॅकेटाशिवाय बोटीत बसू नका, मुलांचे जॅकेट स्वतः बांधा. बोटीत ठरलेल्यापेक्षा जास्त माणसे बसवत असतील तर उतरा, भाडे गेले तरी चालेल. वारा सुटला तर उभे राहू नका. आणि बोटवाला "चला" म्हणाला की दहा मिनिटे मागू नका. ती दहा मिनिटे मी मागितली होती.

सातारा सोडताना अंधार पडला होता. कराडला एस.टी. कोयनेच्या पुलावरून जाऊ लागली, तेव्हा आत्यांनी मला कोपराने ढोसले. "हीच न्हवं का ती?" मी म्हटले, "हीच." त्यांनी खिडकीतून खाली पाहिले. काळोखात पाणी काही दिसत नव्हते. तरी पूल संपेपर्यंत त्या पाहत राहिल्या, आणि मग मांडीवरची बाटली सावरून डोळे मिटले.